तीन डायऱ्या आणि एक अबोला

आमच्या गल्लीत सकाळ दोनदा व्हायची. पहिली व्हायची छावणीतल्या बिगुलानं. तो पलटणीसाठी वाजायचा, आम्हाला त्याचं काही देणंघेणं नव्हतं, आम्ही कूस बदलून पुन्हा झोपायचो. दुसरी सकाळ हवालदारांच्या आरीची. खुट्, सुर्र. खुट्, सुर्र. आधी आरी कातड्यातून जाताना होणारा बारका आवाज, मग मेण लावलेला दोरा ओढताना होणारा लांब आवाज. तो ऐकू आला की आई म्हणायची, हवालदार बसले, उठा आता. वडील कापडाच्या गिरणीत होते आणि त्यांना भोंग्याच्या आधी पोचावं लागायचं, पण आमच्या घरानं भोंग्यापेक्षा त्या आरीवरच जास्त विश्वास ठेवला. आज माझ्या उशाशी मुलीनं दिलेला गजराचा फोन असतो. तो वाजतो, मी उठते, पण अजूनही उठल्या उठल्या कान क्षणभर कशाची तरी वाट बघतात.

हवालदार म्हणजे दौलतराम. आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांची खोली. टांग्याच्या घोड्यांचं सामान शिवायचं हा त्यांचा धंदा. लगाम, पोटाखालचे तंग, पट्टे, डोळ्यांवरची झापडं. तेव्हा शहागंजापासून स्टेशनपर्यंत टांगेच टांगे असत, आणि टांगेवाल्यांचा शब्द असा, की पट्टा तुटला तर छावणीतल्या हवालदाराकडे जा, तो शिवेल ते घोडा मरेपर्यंत तुटणार नाही. ते मूळचे पंजाबातले. मोठ्या लढाईत खच्चरांच्या, म्हणजे खेचरांच्या, कंपनीत होते, इटली का कुठल्याशा डोंगरांत खच्चरांवरून दाणागोटा आणि दारूगोळा चढवत होते. लढाई संपली, देशाचे दोन तुकडे झाले, त्यांचं गाव पलीकडच्या तुकड्यात गेलं. ते खच्चरांबरोबरच इकडे औरंगाबादेत आले आणि फौजेनं सोडल्यावर इथंच राहिले. शहराचं नाव आता बदललं आहे, नातवंडं मला सुधारतात, पण या आठवणीतलं शहर औरंगाबादच आहे, त्याला मी काही करू शकत नाही. हवालदार मागचं काही बोलत नसत. गल्लीत कुणी विचारतही नसे, कारण त्या गल्लीत सगळेच कुठून तरी आलेले. आम्ही लासूर स्टेशनच्या बाजूच्या गावातून आलो होतो आणि आमच्या आजोबांनी गाव का सोडलं, हेही कुणी आम्हाला विचारलं नव्हतं.

त्यांची बायको गयामावशी फुलंब्रीची. पहिल्या नवऱ्यानं पाच वर्षांत लेकरू झालं नाही म्हणून तिला टाकलं होतं. माहेरच्यांनी दारात उभं केलं नाही, तेव्हा ती छावणीत एका साहेबाच्या बंगल्यावर भांडी घासायला लागली. तिथं हवालदार घोड्याचं सामान दुरुस्त करायला यायचे. त्यांचं लग्न कुठं झालं, कुणी लावलं, हे कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं. आई म्हणायची, एक दिवस दोघं एका चुलीवर जेवायला लागले, झालं लग्न. आम्ही बौद्ध, त्या काळी मावशीच्या जातीतल्या बायका आमच्या उंबऱ्याच्या आत येत नसत. मावशी सरळ आमच्या माठात तांब्या बुडवायची. आई एकदा म्हणाली, "गयाबाई, तुमच्या लोकांना कळलं तर?" मावशी हसली. "त्येंनी मला आधीच तोडलंया. आता आनखी कुटं तोडत्याल?"

मावशीच्या हातची अंबाड्याची भाजी अजून माझ्या जिभेवर आहे. ज्वारीच्या कण्या घालून शिजवलेली, वरून लसणाची कडकडीत फोडणी. हवालदारांनी पहिल्यांदा ती खाल्ली तेव्हा म्हणे डोळे मिटून बसून राहिले आणि मग म्हणाले, "गया, ये तो अपना साग है." साग म्हणजे पंजाबातली पालेभाजी, हे मावशीला ठाऊक नव्हतं, पण माणसाला काहीतरी आपलं सापडलं एवढं तिला कळलं. तेव्हापासून पावसाळ्यात अंबाडी निघाली की त्यांच्याकडे दिवसाआड तीच भाजी. इनॅमलच्या हिरव्या मगात चहा, ताटात अंबाडी, आणि जेवताना दोघांची थट्टा. हवालदारांना सही येत होती, तीही इंग्रजी अक्षरांत, लांबलचक, शेवटी एक शेपूट काढलेली. फौजेत शिकले होते आणि त्याचा त्यांना भारी अभिमान. रेशनच्या दुकानात ते शेपटीसकट सही करायचे आणि मावशी डाव्या हाताचा अंगठा उठवायची. घरी आल्यावर ते गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायचे, "आली माझी अंगठेबहाद्दर." मावशी म्हणायची, "सही करून भाकर थापता येती का बघा एकदा."

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, तेव्हा आम्हाला ती नुसती मजेची वाटायची. नवरात्रात कर्णपुऱ्याच्या जत्रेला हवालदार दरवर्षी जायचे आणि एकच वस्तू विकत घ्यायचे, एक पिपाणी. दुकानात दहा पिपाण्या वाजवून बघायचे, पोरासारखे गाल फुगवून, आणि एक पसंत करायचे. ती घरी आणून गल्लीतल्या कुठल्या तरी लहान मुलाला द्यायचे. दोन वर्षं ती माझ्या धाकट्या भावाला मिळाली होती. मूल वाजवायला लागलं की हवालदार हातातली आरी खाली ठेवून ऐकत बसायचे.

त्यांच्या खाटेखाली काळी पत्र्याची ट्रंक होती. झाकणावर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर. आत फौजेचा कोट, पट्टा, दोन बिल्ले, सुटकेचे कागद, पेन्सिलीचं एक थोटूक आणि कापडात गुंडाळलेल्या तीन छोट्या डायऱ्या. मावशीनं कोट दरवर्षी उन्हात घातला, पण डायऱ्यांना एकदा सोडून कधी हात लावला नाही, आणि त्याला कारण होतं. लग्नानंतर एकदा हवालदार कामाला गेलेले असताना तिनं त्यातली एक डायरी पदराखाली लपवून गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या इंग्रजीच्या मास्तरांना दाखवली होती. मास्तरांनी चष्मा वर केला, खाली केला, दोन पानं उलटली आणि गंभीर होऊन म्हणाले, "बाई, अक्षरं इंग्रजी आहेत, पण हे इंग्रजी नाही. ही लष्कराची गुप्त भाषा असणार. झाकून ठेवा, नाहीतर दोघंही गोत्यात याल." मास्तरांना न येणारं इंग्रजी जगात असूच शकत नाही, यावर मास्तरांचा ठाम विश्वास होता. मी पुढं आयुष्यभर शाळेत इंग्रजीच शिकवलं, त्यामुळं असा विश्वास कसा तयार होतो हे मला आतून ठाऊक आहे. मावशी घाबरली. इतकी वर्षं ती त्या ट्रंकेवरच्या खाटेवर सरकारी गुपित राखल्यासारखी झोपली.

मी आठवीत असताना, श्रावणातल्या एका सकाळी आरी वाजली नाही. आई चुलीपुढून उठली आणि म्हणाली, "हवालदारांचा आवाज नाही." ती पळतच गेली. हवालदार कातड्याच्या तुकड्यावर आडवे झाले होते. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, तिन्ही एकदम गेली होती. दवाखान्यात काही दिवस ठेवून डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. जितके दिवस आहेत तितके घरच्यांत जाऊ द्या म्हणाले. घरचे म्हणजे मावशी एकटीच.

घरी आल्यापासून त्यांनी डाव्या हातानं खाटेच्या कडेवर ठोकायला सुरुवात केली. टक टक टक, आणि बोट खाली. मावशीनं पाणी दिलं, गोधडी बदलली, पाय चेपले. बोट खालीच. शेवटी तिनं ट्रंक ओढली. कोट काढला, त्यांनी मान हलवली. पट्टा काढला, मान हलवली. डायऱ्यांचं गाठोडं पुढं केलं तेव्हा त्यांनी तळहात त्यावर ठेवला आणि उचललाच नाही.

त्या दुपारी मावशी आमच्या ओट्यावर येऊन बसली. आई तांदूळ निवडत होती. मावशी बराच वेळ तिच्या सुपातले खडे वेचत राहिली आणि मग म्हणाली, "शालूच्या आई, मानूस चाललाय. त्येंचं कुनी असंल तिकडं तर कळवाया नको का? पन कुनी असंल तर..." तिच्या हातातला खडा पुन्हा तांदळात पडला. "बायको असंल तर मंग मी कोन?" आईनं सूप जवळ ओढलं. ती खडा शोधत राहिली. मग मावशी माझ्याकडे वळली. "शाले, तुला साळंत विंग्रजी हाय ना? ये वाचाया. आता पोलीस आले तरी येऊ द्या."

माझं इंग्रजी म्हणजे पाठ्यपुस्तकातले सोपे धडे आणि दहा क्रियापदं. लष्कराची गुप्त भाषा माझ्याच्यानं काय फुटणार, पण नाही म्हणायची सोय नव्हती. हवालदारांच्या उशाशी बसून मी पहिली डायरी उघडली. शाईच्या पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. ती पेन्सिल कोरडी असताना राखाडी लिहिते आणि ओली झाली की जांभळी होते. काही पानांवर पावसाचे थेंब पडून जांभळे ठिपके उमटले होते. मी अक्षराला अक्षर जोडत पहिला शब्द मोठ्यानं म्हटला. आज. दुसरा शब्द. बारिश. तिसऱ्यापर्यंत पोचायच्या आत मावशी म्हणाली, "आगं, ही तर आपली शहागंजातली बोली." मी वर पाहिलं. हवालदारांचा अर्धा चेहरा हसत होता. पुढं पुष्कळ वर्षांनी मला कळलं की तेव्हाच्या फौजेत शिपायांना हिंदुस्थानी भाषा इंग्रजी अक्षरांतच लिहायला शिकवत. हवालदारांना दुसरी कुठली लिपी येतच नव्हती. मास्तर म्हणाले ते खरं होतं, ते इंग्रजी नव्हतंच. त्यांनी नुसतं मोठ्यानं वाचून पाहिलं असतं तर मावशीची भीती त्याच दिवशी गेली असती.

मग शाळा सुटली की मी दप्तर टाकून तिकडेच. मावशी भिंतीला टेकून वाती वळत बसायची, कधी आई यायची. आम्हाला वाटलं होतं तोफा, बंदुका, मुडदे असतील. डायरीत खच्चरं होती. मोतीचा खूर सुजला. बिजली दरीत गेली, रात्रभर रडण्याचा आवाज, सकाळी बंद. कप्तानसाब नावाचं एक खच्चर होतं आणि ते खऱ्या कप्तानालाही लाथ मारायचं. "कप्तानसाब ने कप्तान साब को फिर लात मारी," हे मी वाचलं तेव्हा मावशी इतकी हसली की वाती विस्कटल्या, आणि हवालदार खाटेवर डावा हात आपटून घशातून हसले. बर्फाचं एक पान होतं. एका पडक्या गावातल्या म्हातारीनं त्यांना पाव दिला, यांनी तिचा जोडा शिवून दिला. "उस की बोली मैं नहीं जानता. मेरी वो नहीं जानती. बहुत बातें कीं." मावशी म्हणाली, "आमचं बी पैल्यांदा तसंच हुतं." त्या दिवसांत ती पुन्हा पुन्हा म्हणायची, एवढ्या वर्षांत हे मला एक अक्षर बोलले नाहीत, बघ. पण तेव्हा तिच्या बोलण्यात नुसतं कौतुक होतं.

दुसऱ्या डायरीच्या मध्यावर मी आले आणि माझी नजर तोंडाच्या पुढं गेली. सवय झाल्यामुळं मी एव्हाना ओळ आधी डोळ्यांनी वाचून मग मोठ्यानं म्हणत होते. पुढची ओळ डोळ्यांनी वाचली आणि बोट तिच्यावरच ठेवलं. मी मावशीकडे पाहिलं. ती वात वळत होती, मान तिरकी करून ऐकत होती. मी पान उलटलं आणि म्हणाले, "आज भी बारिश. सब खच्चर ठीक."

टक टक टक.

मी पुढच्या पानावरचं वाचायला लागले. टक टक टक. मी तरी वाचत राहिले, आवाज थोडा चढवून. हवालदारांनी खाटेच्या लाकडावर मूठ आपटली. वाती वळणारे हात थांबले.

"शाले, काय गाळलंस?"

"काही नाही मावशी. पान चिकटलं होतं."

"त्येंच्याकडं बघ आन सांग."

मी हवालदारांकडे पाहिलं. त्यांचे डोळे माझ्यावर होते. रागावलेले नव्हते. रस्ता ओलांडताना म्हातारं माणूस आपल्या दंडाला धरतं तेव्हा जसं बघतं, तसे ते बघत होते. तेव्हा मला कळलं की ते बोट इतके दिवस खाली कशासाठी जात होतं. या ओळीसाठीच. तोंड असताना त्यांना ते सांगता आलं नाही, आणि आता सांगायचं होतं तर तोंड राहिलं नव्हतं. मी चौदा वर्षांची होते. मला पळून जावंसं वाटत होतं. मी पान मागं उलटलं आणि वाचलं. "घर से ख़त आया. लड़का हुआ. शांती राज़ी-ख़ुशी है. मैं ने लिखा, नाम बंसी रखो. कप्तानसाब को गुड़ खिलाया."

मावशीनं हातातली वात खाली ठेवली. म्हणाली, "म्होरं वाच."

मी वाचत गेले. बन्सीचे दात. बन्सी रांगतो असं पत्रात आलं. बन्सीसाठी बाजारातून शिट्टी घेतली, कोटाच्या खिशात ठेवली. मग तिसरी डायरी, लढाई संपल्यानंतरची, फाळणीच्या दिवसांतली. तिच्यात खच्चरं नव्हती. पानावर एकेक ओळ. निर्वासितांचा अमुक कॅम्प पाहिला, नाही मिळाले. तमुक कॅम्प पाहिला, नाही मिळाले. एक माणूस म्हणाला, आमच्या गावची गाडी पोचलीच नाही. दुसरा म्हणाला, पोचली. पुन्हा कॅम्प. पानामागून पान, नहीं मिले, नहीं मिले. मावशीनं थांब म्हटलं नाही आणि हवालदारांनी डोळे मिटले होते, त्यांच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे जात होतं. शेवटची ओळ अशी होती: "अब नहीं ढूंढूंगा. दक्खन जाता हूं. खच्चर वहां भी हैं." त्यानंतरची पानं कोरी.

मावशी उठली. तिनं स्टोव्ह पेटवला, चहा केला, हिरव्या मगातून चमच्यानं हवालदारांना पाजला आणि तोंड पुसलं.

त्या दिवसापासून तिनं त्यांच्याशी अबोला धरला. सेवेत कणभर कमी नाही. अंघोळ, कपडे, तेल लावणं, कूस बदलणं सगळं वेळेवर. फक्त बोलणं बंद. आमच्याकडे बायका अबोला धरतात तेव्हा मध्ये तिसरं माणूस लागतं, आणि ते काम माझ्यावर आलं. हवालदार हातभर अंतरावर असायचे आणि मावशी मला म्हणायची, "शाले, त्येंला इचार, पानी पायजे का." मी विचारायची. ते डोळे मिटून हो म्हणायचे. मी सांगायची, "हो म्हणतात." ती द्यायची. मी नसले तर ती भिंतीला सांगायची, "कुनाला ऊन लागत असंल तर हात वर करावा." आज हे लिहिताना मला हसू येतं. तेव्हा मला रात्री जेवण जात नव्हतं. डॉक्टरांनी दिवस मोजून दिलेले, आणि या दोघांमध्ये मी वाचलेलं पान येऊन बसलेलं. हा माणूस असाच गेला तर? मावशी जन्मभर स्वतःला काय म्हणेल, आणि मला काय म्हणेल?

मी आईजवळ रडले. म्हणाले, मी खोटं वाचलं ते नीट वठवायला हवं होतं. आईनं माझं तोंड पदरानं पुसलं. "तू खोटं वाचलंस तर त्यांनीच तुला थांबवलं ना? मग जे झालं ते त्यांच्या मनाचं झालं. आता तिच्या मनाचं व्हायला दोन दिवस लागतील." मग ती स्वतः मावशीकडे गेली. मी दाराआड उभी होते. आई म्हणाली, "गयाबाई, पुरुषाला आधी बायको असणं काय नवं आहे? आणि ती बिचारी तर..." मावशी तिला मध्येच तोडत म्हणाली, "बायको व्हती म्हनून राग न्हाई वो मला. ती वाचली असती तर मी तिच्या हाताखाली भांडी घासली असती. पैल्या दिशी मी ह्येंला माझं समदं सांगितलं. टाकलेली हाय, लेकरू व्हत न्हाई, समदं. ह्ये म्हनले, मेरा कोई नहीं. कोई नहीं." तिनं 'कोई नहीं' दोनदा म्हटलं आणि चुलीतलं लाकूड आत सारलं.

पाचव्या दिवशी मी शाळेतून आले तर मावशी आमच्या दारात. हात ओले, कपाळावर पीठ. "पेन्सिल घे. त्येंच्या ट्रंकंतली, जांभळी." मी गेले. ती हवालदारांकडे पाठ करून चुलीशी बसली आणि म्हणाली, "तिसरी वही काढ. कोरी पानं हायेत ना, त्येच्यावर लिही."

"मावशी, ते इथंच आहेत. तुम्ही बोला की."

"न्हाई. त्येंनी लिहून सांगितलं, मी बी लिहूनच सांगनार. आन त्येंच्याच अक्षरात लिही, त्येंला दुसरी येत न्हाईत."

मी तिची मराठी इंग्रजी अक्षरांत लिहायला लागले. ती एकेक वाक्य मोठ्यानं सांगायची, माझी पेन्सिल थांबली की पुढचं. हवालदारांना सगळं ऐकू जात होतं, त्यांच्या खाटेपासून ती चार हातांवर होती, पण तिनं मान वळवली नाही. त्या पानावर मी लिहिलेलं असं:

"तुमचं समदं वाचलं. शांतीबाईला माझा नमस्कार सांगा. मला लेकरू न्हाई म्हनून मला टाकलं. आन माझं लेकरू तुमी इतकी वरसं ट्रंकंत ठिवलं. मला सांगितलं असतं तर मी बी त्येच्यासाठी रडले असते. दोघं रडलो असतो. दर जत्रंला पिपानी आनली, मला वाटलं ह्येंला नाद हाय. ह्याचा राग हाय. त्यो राग ऱ्हाईल. बाकी राग न्हाई. आज अंबाड्याची भाजी केलीया."

"झालं?" मी विचारलं.

"झालं. आता अंगठा." तिनं डावा अंगठा जिभेला लावून माझ्यापुढं धरला. मी त्यावर पेन्सिलीचं टोक घासलं, तो जांभळा झाला, आणि तिनं तो पानाच्या तळाशी दाबला, रेशनच्या दुकानात दाबायची तसा, थोडा फिरवून. मग पुन्हा चुलीकडे वळली. मी डायरी हवालदारांच्या डोळ्यांपुढं धरली. त्यांनी सगळं ऐकलं होतं तरी ते पुन्हा वाचायला लागले, ओळीखालून डावं बोट सरकवत, एकेक अक्षर. 'लेकरू'पाशी बोट बराच वेळ थांबलं. शेवटी ते अंगठ्याच्या ठशावर आलं. ठसा अजून ओला होता, बोटाला रंग लागला. त्यांनी बोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि डावा हात उचलून अंगठा माझ्यापुढं उभा केला.

मला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा मी पेलाभर पाण्यात माझं बोट बुडवून त्यांचा अंगठा ओला केला, पेन्सिल घासली, हात धरून पानापर्यंत नेला. त्यांनी तो मावशीच्या ठशाला लागून दाबला.

"काय चाललंय?" मावशीनं भिंतीला विचारलं. मी डायरी तिच्यापुढं नेऊन धरली. तिनं दोन्ही ठसे पाहिले. मग वळली, खाटेपाशी आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि पाच दिवसांत पहिल्यांदा सरळ त्यांच्याशी बोलली.

"काय हवालदार? सही येत व्हती ना तुमाला? झालात ना अंगठेबहाद्दर?"

हवालदार हसले. अर्ध्या तोंडानं, घशातून, खाट हलेपर्यंत. मावशी त्यांच्या उशाशी बसली, त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि रडली, आणि रडता रडताच कण्यांचा मऊ घास करून त्यांना भरवायला लागली. मी दप्तर उचलून घरी आले. त्या दिवशी मी पोटभर जेवले.

नवरात्राच्या आठ दिवस आधी हवालदार गेले. माझ्या वडिलांनी आणि तीन टांगेवाल्यांनी खांदा दिला, अग्नी मावशीनं दिला आणि कुणी काही म्हणालं नाही. डायऱ्या तिनं पुढं मला दिल्या. त्या माझ्या कपाटात आहेत, पेन्सिलीचा जांभळा रंग जराही उडालेला नाही, दोन अंगठे अजून एकमेकांना लागून आहेत. पण मला सांगायचं आहे ते त्या वर्षीच्या जत्रेचं. मावशी सुतकातली, नव्या विधवेनं जत्रेला जाऊ नये असं गल्लीतल्या बायका म्हणत होत्या. ती माझा हात धरून कर्णपुऱ्याला गेली. दुकानासमोर उभी राहून तिनं एकामागून एक पिपाण्या वाजवून पाहिल्या, गाल फुगवून, डोक्यावरचा पदर सावरत, आणि एक पसंत केली. घरी आल्यावर ती माझ्या भावाला दिली. तो ओठांना लावणार तेवढ्यात तिनं त्याचा हात धरला.

"बन्सीची हाय," ती म्हणाली. "जपून वाजीव."